जुन्या मुलाखतीतला तुझा आवाज

प्रिय सुमे,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, चिडली असशील. चीड. आज लिहायला बसलेय ते मात्र तुझा आवाज ऐकला म्हणून.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणासाठी जुन्या मुलाखती पुन्हा ऐकत होते. लेक मांडीवर झोपलेली, एक कान हेडफोनला, दुसरा तिच्याकडे. त्या आजींची मुलाखत आठवते? आपण दोघी गेलो होतो ती. मी विचारते, "मग घर सोडलंत तेव्हा?" आजी गप्प. मी मोजलं गं, चार सेकंदसुद्धा होत नाहीत, तोवर माझा पुढचा प्रश्न तयार. मागून तुझा आवाज, अगदी हळू, "थांब ना, बोलू दे त्यांना." आणि मी? तिसरा प्रश्न! ऐकताना कानशिलं तापली माझी. एवढी कसली घाई होती, देव जाणे.

मागच्या महिन्यात एक बाई अशाच गप्प झाल्या. मीही बसून राहिले. नंतर त्या जे बोलल्या त्याने अख्खं प्रकरण फिरलं, जुनी चाळीस पानं बाद. आईपणाने मला शहाणं केलं वगैरे म्हणणार नाही हं, असली वाक्यं ऐकवत नाहीत मला. कदाचित नुसती दमलेली असेन. पण न फुटलेल्या शब्दाची वाट बघत बसणं हे सध्या घरात रोजचंच काम आहे.

आमचे मार्गदर्शक विचारतात, "पूर्ववत कधी होणार?" जसं काही आजारातून उठतेय. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्येच आई होण्याच्या या संक्रमणाला 'मॅट्रेसन्स' असं नाव दिलं होतं, 'अ‍ॅडोलसन्स'च्या चालीवर. वयात येणाऱ्या पोरीला कोणी विचारतं का, परत आठ वर्षांची कधी होणार म्हणून? सरांना हे सांगायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर, अर्थात.

आणि मारिया गेपर्ट-मायर! जो तो त्यांचंच उदाहरण देतो. दोन मुलं सांभाळून १९६३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. पण पूर्ण पगाराची प्राध्यापकी त्यांना मिळाली १९६० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, आणि त्याआधी कितीतरी वर्षं त्या विद्यापीठांत बिनपगारी राबल्या, हे कोणी बोलत नाही. नवऱ्याला नोकरी दिलीय ना, मग बायकोला कशाला, असा हिशेब. माझा नवरा रात्री लेकीला घेतो तर लोक म्हणतात, किती मदत करतो. कोणाला मदत? जाऊ दे, हा विषय काढला की पत्र संपायचं नाही.

प्रबंध सहा महिने लांबणार. हे लिहिताना पहिल्यांदाच पोटात गोळा आला नाही.

एक काम कर. त्या दिवशी मी सामान आवरत होते तेव्हा तू आजींजवळ बसली होतीस, फीत बंद झाल्यावरही. तुझ्या वहीत काही टिपलं आहेस का, त्या पुढे काय म्हणाल्या ते? असेल तर त्या पानाचा फोटो पाठव. अक्षर कसंही असू दे, मी लावीन.

तुझीच,
मी