दोन फुटांतला व्हाळ

सावंतवाडी

प्रिय विनू,

टाकीचं माप आणि दिवाणखान्याचा फोटो, दोन्ही मिळालं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच म्हणजे काठोकाठ 70 लिटर; रेती आणि दगड वजा जाता खरं पाणी 55 लिटरच्या आसपास राहील. टीव्हीशेजारच्या त्या रॅकवर ती ठेवू नकोस. पाणी, दगड, काच मिळून 85-90 किलो भरतील. आतल्या भिंतीला कडाप्प्याचा ओटा आहे ना, तिथे ठेव आणि खाली थर्माकोलची शीट घाल. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन तिथवर येत नाही, हेही बरं. उन्हाने शेवाळ धरतं आणि मे महिन्यात पाणी तापतं.

कोणते मासे घेऊ, असं तू विचारलं आहेस. विनू, मासे अगदी शेवटी. आधी ही टाकी म्हणजे कुठलं पाणी ते ठरव. दुकानात एकाच काचेमागे अॅमेझॉनचे निऑन टेट्रा मासे, आफ्रिकेचं अनुबियसचं झाड आणि चीनचे गोल्डफिश दिसतात आणि माणूस सगळ्यांतलं थोडं थोडं उचलतो. मग टाकी भरते, पण कुठलीच जागा वाटत नाही. तुझ्या टाकीसाठी मला आपला व्हाळ, गावचा ओढा, सुचतो. आणि तोही पावसातला लाल, फुगलेला नको. दिवाळीनंतरचा घे. तेव्हा गढूळपणा खाली बसलेला असतो, कोंडीच्या, म्हणजे डोहाच्या, कडेला पाणी जेमतेम हलत असतं आणि तळाचे गोटे मोजता येतात. त्या कोंडीची दोन फुटांची एक कड आपण उचलायची.

टाकीत अशी निसर्गाची जागा उभी करायची कला जपानमधल्या निगाताचे ताकाशी अमानो (1954-2015) यांनी जगभर नेली. ते छायाचित्रकारही होते. जंगलं आणि नद्या आधी डोळे भरून पाहायचे आणि मग टाकी लावायची, ही त्यांची रीत. आपण व्हाळाशेजारी वाढलो, म्हणजे तुझा अर्धा अभ्यास झालेलाच आहे.

दगड काळेच घे, नदीत गुळगुळीत झालेले. आपल्या बेसॉल्टमुळे पाण्यात फरक पडत नाही. मात्र त्याच्या भेगांत कधी पांढरी कॅल्साइटची शीर असते, तिने पाणी जड होतं. प्रत्येक दगडावर व्हिनेगरचे थेंब टाक. फसफसला तर बाजूला ठेव. मोठा दगड एकच, आणि तो मधोमध बसवायचा नाही. डावीकडून एक तृतीयांश अंतरावर, थोडा कलता, पाण्याच्या अर्ध्याहून वर येईल असा बसव. त्याच्या पायाशी दोन लहान, आणि पुढे मूठभर खडे विखरून टाक.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण चित्र जिवंत होतं ते इथे. व्हाळात दगडाच्या ज्या बाजूने पाणी येतं तिथे रेती खरवडली जाते, आणि दगडाआड, जिथे पाणी मंद होतं, तिथे ती साठते. पाला अडकतो तोही ठरावीक जागी. म्हणून फिल्टरचं पाणी कुठून येणार हे आधी ठरव. ते उजवीकडून आलं तर दगड डावीकडे कलते हवेत, रेतीचा उतार दगडाच्या डाव्या अंगाला, आणि लांब पात्यांची झाडं त्याच दिशेला वाकलेली. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण जागा खरी वाटते. रेती पुढे 3 सेंमी, मागे 10 सेंमी. एवढ्या उताराने फूटभर रुंदीची टाकी बरीच खोल दिसते.

मागच्या रेतीखाली जांभ्याचा भुगा पातळ पसरून वर चांगली जाड रेती घाल. जांभ्यात लोह भरपूर; एकेकाळी युरोपातले लोक झाडांच्या मुळांसाठी मुद्दाम जांभ्याची माती घालत. मी इथून चाळून, धुऊन पाठवतो. पण वरची रेती उकरायची नाही, नाहीतर पाणी तांबडं होईल.

झाडांत मागे व्हॅलिसनेरिया, त्याची पाती प्रवाहात लवतात. उजव्या मागच्या कोपऱ्यात रोटाला रोटंडिफोलियाची दाट जुडी. ती आपल्याकडचीच, आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरविना वाढते. लालभडक रोटाला मॅक्रँड्राही सह्याद्रीतलीच, पण तिला प्रखर उजेड आणि गॅस दोन्ही लागतं, म्हणून सध्या नको. दगडाच्या सावलीत क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस लाव. लावल्यावर तिची पानं विरघळतील, तेव्हा उपटू नकोस. नर्सरीत ती पाण्याबाहेर वाढवलेली असते, आता पाण्यातली नवी पानं काढते. पुढे ब्राह्मीच्या काही काड्या. सुरुवातीला मूठभर हायड्रिलाही सोड. भराभर वाढून ती पाण्यातलं खत शोषते आणि शेवाळाला काही उरत नाही. बाकीची झाडं रुजली की काढून टाक. पहिल्याच दिवशी झाडं दाट हवीत, दिवा सहा तास आणि टायमरवर.

देशी बदामाची वाळलेली दोन-तीन पानं तळाशी टाक. तुमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ झाड आहे. पाणी चहाच्या रंगाचं होईल, होऊ दे. दिवाळीनंतर आपली कोंडही पाल्याने तशीच होते.

पाणी नगरपालिकेच्या नळाचं घे, बोअरचं नको. क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) टाक. फिल्टर चालू करून टाकी चार ते सहा आठवडे माशांविना ठेवायची. तेवढ्यात जे जिवाणू वाढतात ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी. जिवाणूंना खायला काही हवं, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत जा. तपासणीच्या थेंबांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे. सई रोज विचारेल, तिला वहीत रोजचे आकडे लिहायला लाव.

आणि मासे? एकच जात, दहा झेब्रा डॅनिओ. आधी पाच, पंधरा दिवसांनी पाच. साधे पट्टेवालेच घे, लांब पंखांचे किंवा भडक चमकणारे नकोत. हा भारतातल्या ओढ्यांचा मासा, चार सेंमीचा, उन्हाळा सोसणारा. सगळीकडे पैदास होते, त्यामुळे कुणाच्या ओढ्यातून उचलून आणावा लागत नाही. सईला सांग, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत याच माशाच्या हृदयाचा अभ्यास चालतो, कारण त्याचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येतं. वर झाकण किंवा बारीक जाळी हवीच, हे उड्या मारतात.

पेथिया सेतनाई तुला आठवेल असं वाटतं. तो काळ्या खुणांचा, तांबूस छटेचा छोटा मासा आपल्या भागातलाच. तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर राहिलेले छापगर आणि त्यांचे सहकारी साने यांनी 1992 मध्ये गोव्यातल्या नमुन्यांवरून त्याला नाव दिलं. सुंदर आहे, पण थोड्याच ओढ्यांत राहतो आणि दुकानात आला तर बहुधा पकडूनच आणलेला असतो. तो व्हाळातच राहू दे. केरळच्या ‘मिस केरला’ या माशाचं उदाहरण समोर आहे. तिच्या प्रजातीला (जीनसला) 2013 मध्ये ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळालं, पण नदीतून भरमसाट उपसा झाला आणि आज ती धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. शिवाय ती 15 सेंमीपर्यंत वाढते, तुझ्या टाकीत मावायची नाही. आपल्या आंबोलीत मात्र चांगलं घडलं. हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या छोट्या लोच माशाला 2020 मध्ये नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. गावाला आलास की सईला तिथे नेऊ, लांबून पाहायला.

दुकानदार ‘काच साफ करायला सकर मासा घ्या’ म्हणेल. घेऊ नकोस. तो फूटभराहून मोठा होतो, आणि कंटाळून लोक नदीत सोडतात तेव्हा तिथल्या माशांच्या मुळावर येतो. काच तू आठवड्याला पुसशील, तेव्हाच पाव हिस्सा पाणी बदल.

फिल्टर कुठल्या बाजूला बसणार ते कळव आणि सईकडून टाकीचं एक चित्र काढून पाठव, दगड कुठे हे त्यातच दाखव. जांभा पार्सलने येईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू