चि. अनघा हिस, यशवंतरावांविषयी

कराड

चि. अनघा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा मसुदा काल दोनदा वाचला. राज्यातला वजनदार नेता दिल्लीला गेला की त्याचे वजन का घटते, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु यशवंतराव चव्हाणांना ‘कुंपणावरचे नेते’ म्हणून एका ओळीत निकालात काढलेस, ते मला पटले नाही.

तुझे आजोबा १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे. मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून यशवंतरावांचे नाव घरात निघाले की ते भरल्या ताटावरून उठत, आणि यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले त्या रात्री ते जेवलेच नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणामुळे कृष्ण मेनन यांना संरक्षणखाते सोडावे लागले आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावून घेतले, तेव्हा हेच आजोबा शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा जो तो म्हणे. दिल्ली त्यांनी मागितली नव्हती, एवढे तरी तुझ्या लेखात यायला हवे.

अडचण पुढची आहे. मुंबईत त्यांच्या शब्दामागे आमदार होते, सहकारी साखर कारखाने होते, त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या जिल्हा परिषदा होत्या. दिल्लीत मात्र मुख्य आधार महाराष्ट्रातल्या खासदारांचा, आणि तेवढ्यावर पंतप्रधान होता येत नाही. शास्त्रीजींच्या निधनानंतर १९६६ मध्ये त्यांचेही नाव चर्चेत होते, तरी त्यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. १९६९ मध्ये बंगळूरला काँग्रेसच्या बैठकीत त्यांनी राष्ट्रपतिपदासाठी इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले, पक्ष फुटल्यावर मात्र ते इंदिराबाईंबरोबरच राहिले, आणि पुढच्याच वर्षी गृहखाते जाऊन त्यांच्याकडे अर्थखाते आले. याला तू भित्रेपणा म्हणतेस. मला त्यात आपले बळ नेमके ओळखणाऱ्या माणसाचा हिशेब दिसतो.

१९७९ चे समर्थन मात्र मलाही करता येत नाही. मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला, मग ते चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले, आणि त्या सरकारने लोकसभेला तोंड न देताच राजीनामा दिला. काल संध्याकाळी प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीपाशी बसलो असताना हेच मनात घोळत होते.

तेव्हा ‘कुंपणावरचे’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर १९७९ च्या परिच्छेदात ठेव. १९६२ च्या वर शीर्षक म्हणून नको. सुधारलेला मसुदा पाठव.

तुझे,
बाबा