मंगळवारी सही करू नकोस

लालबाग, रविवार

चि. पिंट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू बोलता बोलता फोन ठेवलास. मी परत लावला नाही. लावला असता तर मी पुन्हा तेच बोलले असते आणि तू पुन्हा तेच म्हणाला असतास, "आई, तुला सगळीकडे कोर्टच दिसतं." म्हणून लिहिते आहे. दादा उद्या कामावर जाताना डबा द्यायला येईल, त्याच्या पिशवीत हे पाकीट आणि एक फाईल आहे. आधी जेव, मग वाच.

पाय कसा आहे? अश्विनी सांगत होती, रात्री दोन-अडीचला उठून बसतोस आणि नडगीवरून हात फिरवत राहतोस. आत रॉड आहे, थंडीत ठणकणारच. डिंकाचे लाडू पाठवलेत, ते छोटीला वाटून संपवू नकोस. तिचे वेगळे बांधलेत.

मी ठरवलं होतं, या पत्रात त्या कागदाचं नाव काढायचं नाही. पण मंगळवार परवावर आलाय. अश्विनीने मला त्या कागदाचा फोटो पाठवला, तिच्यावर रागावू नकोस, मीच मागितला होता. पाचशेचा स्टॅम्पपेपर. 'सदर अपघात चालकाच्या चुकीमुळे झालेला नसून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही, तसेच यापुढे कोणत्याही न्यायालयात नुकसानभरपाई मागणार नाही.' खाली तुझं नाव आणि साठ हजार रुपये रोख मिळाल्याची पोच. तारखेची जागा कोरी.

पहिली ओळ वाचलीस का नीट? चूक त्याची नव्हती म्हणे. मग कोणाची होती? तू जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर डाव्या बाजूने दुचाकीवरून सरळ चालला होतास. त्याने मधल्या लेनमधून इंडिकेटर न देता सोसायटीच्या गेटात गाडी घातली. पंचनाम्यात तसं लिहिलंय, गेटवरच्या वॉचमनने तसा जबाब दिलाय. ज्याला तू ओळखत नाहीस तो माणूस तुझ्या बाजूने खरं बोलला, आणि तू स्वतःच्या सहीने ते खोटं पाडणार?

रागावून लिहिलं गेलं. तसं म्हणायचं नव्हतं. तुला त्या पोराची दया आली हे मला कळतं. तो हॉस्पिटलात येऊन रडला, त्याची आई डायलिसिसवर आहे, गाडी त्याच्या काकांची आहे. तू असाच आहेस. २६ जुलैला, २००५ साली, मी चाळीच्या जिन्यात कंदील घेऊन बसले होते. रात्री दीड वाजता तू आलास, चौदा वर्षांचा, छातीपर्यंत चिखल, आणि पाठीवर पलीकडच्या चाळीतली आजी. दप्तर कुठे म्हणून विचारलं तर म्हणालास, "दप्तर आणि आजी दोन्ही उचलता येत नव्हतं." त्या रात्री मी तुला काही बोलले नाही. आत जाऊन रडले. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो आणि भीतीही वाटते, दोन्ही एकदमच.

पण पिंट्या, त्या पोराच्या खिशातून कोणी पैसे काढत नाहीये. ही एकच गोष्ट तुला फोनवर सांगायची होती, ती राहूनच गेली. थर्ड पार्टी विमा याच कामासाठी असतो. दावा लागतो तो चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर, आणि पॉलिसी चालू असेल, लायसन नीट असेल तर पैसे कंपनी भरते. फौजदारी केस पोलिसांची, ती तिच्या वाटेने जाईल. आपला दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, तो नुकसानभरपाईपुरता. दावा लावला म्हणून तो पोरगा आत जात नाही. आणि त्याचे काका साठ हजार घेऊन तुझ्या दारात का येतात, हेही एकदा त्यांना विचार. गाडीची पॉलिसी त्या दिवशी चालू होती का? कागदावर तिचा नंबर कुठेच नाही. गाडीच्या नंबरवरून ते काढता येतं, दादाला सांगितलंय मी.

मला हे कुठून माहीत, असं तू म्हणणार नाहीस. बावीस वर्षं मी वकिलांच्या ऑफिसात हेच टाइप केलं. तू शाळेतून तिथेच यायचास, कार्बन पेपरने बोटं निळी करून घ्यायचास. परळच्या क्लासात टायपिंगच्या, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यावर आपलं घर चाललं. पण टायपिंगला मी गेले ते का, हे तुला कधी नीट सांगितलं नाही.

मामामुळे गेले.

१९८२चा गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मामा साचाखात्यात, मागावर होता. जानेवारीत गिरण्या बंद पडल्या, पावसाळा आला तरी उघडल्या नाहीत, आणि त्याने रस्त्याकडेला भाजी विकायला घेतली. पहाटे भायखळ्याहून माल आणताना टेम्पोने उडवला. गुडघ्याचा चुरा. तिसऱ्या दिवशी टेम्पोच्या मालकाचा माणूस वॉर्डात आला, मामीच्या हातात तीन हजार रुपये ठेवले आणि कागद पुढे केला. संपाला तेव्हा सहा महिने होऊन गेले होते, घरात पगाराचा एक पैसा नव्हता. तीन हजार! मामीने अंगठ्याला शाई लावली. मी शेजारी उभी होते, बारावी झालेली, वाचता येत होतं मला. मी वाचलं नाही. मोठ्या माणसांच्या मध्ये कशाला बोलायचं म्हणून गप्प राहिले. पुढे मामाचा पाय वाकलाच नाही, तो पुन्हा साच्यावर उभा राहिला नाही, आणि मामी आयुष्यभर ब्लाउज शिवत राहिली. तो कधी मला बोलला नाही. भाऊबीजेला यायचा, पाय लांब करून भिंतीला टेकून बसायचा, तो पाय मला दिसायचा.

म्हणून मी तुझ्यामागे लागते. सही करू नकोस.

आता फाईल बघ. दोरीची आहे, निळी, स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणली. आत कप्पे केलेत. एफआयआरची प्रत आणि घटनास्थळाचा पंचनामा पहिल्या कप्प्यात. डिस्चार्ज कार्ड, एमएलसीचा, म्हणजे पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेल्या नोंदीचा कागद आणि एक्स-रे दुसऱ्यात. मेडिकलची बिलं तारखेप्रमाणे चिकटवलीत, कारण थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात. प्रत्येकाची झेरॉक्स मागे लावली आहे. फुटलेलं हेल्मेट आणि फाटलेली पँट मी टाकू दिली नाही, माझ्याकडे गोणपाटात बांधून ठेवली आहे. रिक्षाच्या भाड्याचा हिशेब नाहीये, तो आठवून लिही. पगाराच्या स्लिपा ऑफिसातून मागव, ओव्हरटाइमसकट. किती दिवस बिनपगारी गेले याचं पत्रही.

पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. ९० दिवस २० नोव्हेंबरलाच झाले. आमच्या वेळी पोलिसांच्या अशा अहवालाला फॉर्म कॉम्प एए म्हणायचो, त्यासाठी चौकीत खेपा घालाव्या लागायच्या. तो अहवाल गेला का, हे वकील बघतील, पण विचारायला तुला हवं.

आणि दावा लावायची मुदत. हे फोनवर मी ओरडून सांगितलं, म्हणून तुझ्या डोक्यात शिरलं नसेल. १९९४ साली कायद्यातून मुदत काढून टाकली, तेव्हा आमच्या ऑफिसात लोक जुनी जुनी प्रकरणं घेऊन यायचे. आता तसं नाही. एप्रिल २०२२ पासून मुदत परत आली आहे, सहा महिन्यांची, आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. तुझा अपघात गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी, २२ ऑगस्टला. म्हणजे फेब्रुवारीच्या २१ तारखेच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. पाय बरा झाला की बघू, असं तू म्हणालास. पाय मार्चमध्ये बरा होईल.

वकील कसा बघायचा तेही सांगते. हॉस्पिटलच्या दारात ज्याने अश्विनीला कार्ड दिलं आणि 'आधी काही देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के' म्हणाला, त्याच्याकडे जायचं नाही. वकिलाने असं काम मागत फिरणं आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवणं, दोन्हीला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. जो पहिल्याच दिवशी नियम मोडतो तो पुढे तुझी तारीख सांभाळेल का? फी किती, कशी, ते लिहून घ्यायचं. वकालतनामा वाचून सही करायची, कोऱ्या कागदावर एकही नाही. पैसे कमी पडत असतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा फोन. आमच्या ऑफिसातले धाकटे वकील आता स्वतःची प्रॅक्टिस करतात, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तुला न विचारता बोलले. त्याबद्दल माफ कर.

लेक्चर झालं हे. तुझे पप्पा असते तर म्हणाले असते, बस कर, पोरगा आजारी आहे. पण एवढं एक वाच, मग नाही लिहीत.

दाव्यात रक्कम कशी काढतात ते मी हजारदा टाइप केलं आहे. सरला वर्मा नावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९ साली एक तक्ता ठरवून दिला. वयाप्रमाणे गुणक. पंधरा ते पंचविसाला १८, सव्वीस ते तिसाला १७, एकतीस ते पस्तिसाला १६, असा खाली खाली येतो. वर्षाची कमाई, गुणिले गुणक, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. माणूस गेलेला असला तर टक्के काढत नाहीत, त्याचा स्वतःचा खर्च वजा करून बाकीचं घरच्यांना देतात. तो तक्ता मला पाठ आहे. पण परवा मी तो पुन्हा उघडला आणि एकतीस ते पस्तीसच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथून बोट उचलवेना. तू चौतीस वर्षांचा आहेस. बावीस वर्षं मी त्या ओळी दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाइप केल्या, 'मयत' लिहिलं, 'मयताची आई' लिहिलं, दुपारी डबा खाल्ला. त्या बायका माझ्या टेबलापाशी बसून तारखा सांगायच्या आणि मी म्हणायचे, ताई, जरा सावकाश सांगा.

तू 'जखमी' आहेस. रोज सकाळी देवासमोर हा एकच शब्द म्हणते.

तर हिशेब. पगार अठ्ठावीस हजार, वर्षाचे तीन लाख छत्तीस हजार, गुणिले १६ म्हणजे त्रेपन्न लाख शहात्तर हजार. क्षमता समज वीस टक्के गेली असं कोर्टाने धरलं, तरी दहा लाखांच्या वर जातं. टक्के किती ते डॉक्टरांची साक्ष आणि कोर्ट ठरवणार, मी ठरवणारी कोण. पण त्यात औषधं, पुढे रॉड काढायचं ऑपरेशन, बिनपगारी महिने, वेदना आणि यातना हे धरलेलंच नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सुप्रीम कोर्टाचा २०१०चा निकाल. त्यात कोर्टाने म्हटलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे. हात गेला तर ड्रायव्हरची, सुताराची सगळी कमाई जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी तरीही राहू शकते. तू लिफ्ट मेकॅनिक आहेस. तुला शाफ्टमध्ये शिडीवर चढायचंय, पिटमध्ये उतरायचंय, लिफ्टच्या टपावर उकिडवं बसायचंय. तुझा पाय टेबलामागे बसणाऱ्याच्या पायासारखा मोजायचा नाही. हे वकिलाला आवर्जून सांग, तुझं काम काय असतं ते त्याला माहीत नसेल. पहिल्यांदा तू मला तुझ्या बिल्डिंगमध्ये नेलंस आणि म्हणालास, "आई, ही लिफ्ट मी चालू केली," तेव्हा बाविसाव्या मजल्यापर्यंत मी डोळे मिटून तुझा दंड धरून होते. ते सांग.

लोकअदालतीत तडजोड करायची तर कर, मी नाही म्हणणार नाही. पण तिथला निवाडा शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून आकडा वकिलाबरोबर बसून ठरवायचा, आणि हाडांच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र हातात आल्यावर. त्या पोराला मदतच करायची असेल तर त्याच्या आईच्या डायलिसिससाठी मीही तुझ्याबरोबर येऊन चार पैसे देईन. खरंच देईन. पण त्या कागदावर सही करून नाही.

पुन्हा तेच आलं. काय करू.

छोटीचं गॅदरिंग कधी आहे ते कळव. तिचा कोळीण व्हायचा हट्ट असेल तर माझी हिरवी नऊवारी आहे, कापून शिवून देते.

मंगळवारी ते लोक सहा वाजता येणार ना? मी पाचला भांडुपला उतरते. तू उठू नकोस, दार छोटीला उघडू दे. ते आले की मी काही बोलणार नाही, तुझ्याशेजारी बसेन. कागद आधी मला वाचायला दे.

तुझी,
आई

ता. क. डब्यात खाली मटणाच्या पायांचा रस्सा आहे, गरम करून घे. एक्स-रे घडी घालू नकोस.