पक्षी गेले कधी, तेही लिहून ठेवूया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या सुरुवातीला आपल्या गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर पहिली तलवार बदके उतरली की आम्हा मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "आयली गो!" एवढेच बोलायचे, समोरचीला कळते. ती परत जातात तेव्हा मात्र कोणी कोणाला फोन करत नाही. शिगम्याचे ढोल घुमू लागतात आणि एका सकाळी तळे ओकेबोके दिसते. कधी गेली? सांगता येत नाही.

मी माशेलची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीनदा सकाळच्या बसने बाणस्तारीचा पूल ओलांडून तळ्यावर जाते. फेब्रुवारीत ही बदके काय देखणी दिसतात! नराचे डोके चॉकलेटी, मानेवरून वर चढत गेलेली पांढरी रेघ, आणि सुईसारखी शेपटी. चरताना डोके पाण्यात, शेपटी आभाळाकडे. शेजारून कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली की सगळा थवा उठतो, एक गिरकी घेतो आणि पुन्हा तिथेच बसतो. जायचे दिवस जवळ आले की गाडी नसतानाही उठतो. अशा वेळी माझ्या पोटात कालवते, कारण यांना पार उत्तरेत, सैबेरियाच्या बाजूला जायचे असते.

माझी मुलगी शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठच्या शहरात राहते. मार्च लागला की तिचे निरोप येतात: काठावर अजून बर्फ आहे, पण पाणकणसाच्या वाळक्या दांड्यावर रेड-विंग्ड ब्लॅकबर्डचा नर येऊन बसलाय, खांद्यावरचा लाल पट्टा फुलवून ओरडतोय. तिच्याकडे तो वसंताचा पहिला निरोप्या. त्याच महिन्यात तिच्या सरोवरावरची थंडीतली बदके, गोल्डनआय वगैरे, कॅनडाकडे निघतात. ती दोन्ही लिहून ठेवते, आलेलेही आणि गेलेलेही. तिच्यामुळेच मला ही सवय लागली. कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी त्या दिवशीचा आकडा लिहिते.

लिहायला लागल्यावर कळले, हे वाटते तितके सोपे नाही. पहिला पक्षी दिसला की तो पहिला हे त्याच क्षणी समजते. शेवटचा मात्र शेवटचा होता हे नंतर कळते, तोवर तो दिवस निघून गेलेला असतो. म्हणून प्रत्येक खेपेला लिहावे लागते. शिवाय बदके बहुधा रात्रीच उडतात, निरोपाला कोणी नसते. आणि तळ्यावर अडया असतातच, शीळ घालणारी आपली इथलीच बदके. रस्त्यावरून बघणारा म्हणतो, "बदके आहेत की!" आहेत खरी, पण पाहुणी त्यांत नाहीत.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची परसातली पक्षीगणना होते. मग बहुतेकांच्या वह्या मिटतात, नेमके निघायचे दिवस येतात तेव्हा. दरवर्षी ऐकू येते, "यंदा लवकर गेली." लवकर म्हणजे कशापेक्षा? पाणी आटले म्हणून गेली, उष्म्याने गेली की आपल्या वेळेवर गेली, हे तारखा हाताशी असल्याशिवाय कोण सांगणार?

नोंदीत किती बळ असते ते मुलीच्याच गावात दिसले. तिथल्या फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलार्ड १९७८ पासून सरोवराकाठच्या मकॉर्मिक प्लेस या इमारतीपाशी, काचांवर आपटून मेलेले पक्षी उचलून नोंदवत आले. त्या नोंदींमुळेच अभ्यासकांना दाखवता आले की रात्री खिडक्यांतला उजेड जितका कमी, तितके मरण कमी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे एका रात्रीत साडेनऊशेहून अधिक पक्षी मेले. पुढच्याच वर्षी काचांवर ठिपक्यांची फिल्म बसली आणि मरण खूप घटले. आपल्याला तर मेलेले मोजायचे नाहीत, जिवंत जाणारे मोजायचे आहेत.

म्हणून विनंती. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आपल्या अंकात आठवड्याला एक छोटा चौकोन द्यावा. चोडणच्या खाजणातले तुतवार, विजेच्या तारांवरच्या भिंगऱ्या, सावरीच्या फुलांवर कलकलणाऱ्या भोरड्या, ज्याला जे पाहुणे पक्षी दिसले त्याने गाव, तारीख आणि आकडा कळवावा. दिसले नाही तर तेही कळवावे. मुलांनाही हे सहज जमते. सातवीतला माझा नातू तलवार आणि अडई लांबूनही ओळखतो.

आज सकाळी तळ्यावर तलवार बदके अकरा होती. परवा पुन्हा जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल