नोकरी गेली की विमाही जातो

करोना टाळेबंदीत आखातातील एका जोडप्याचे दिवस कसे निवांत चालले आहेत हे सांगणारा ‘आखातातली निवांत टाळेबंदी’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख (७ जून २०२०) वाचला. त्या जोडप्याचे बाल्कनीतील चहापान खरे असेलही, पण दुबईतील अनेक मध्यमवयीन मराठी जोडप्यांची झोप वेगळ्याच हिशेबाने उडाली आहे. येथे वैद्यकीय विमा नोकरीशी बांधलेला असतो आणि जोडीदाराचा व्हिसाही बहुधा त्याच नोकरीवर. नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, पाठोपाठ विमाही. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे एरवी आम्ही पुण्या-मुंबईहून येताना पुरेशी आणतो. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली आणि ती इथल्या दराने घ्यावी लागली.

परदेशात अडकलेल्या भारतीयांना मायदेशी आणणाऱ्या सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने ७ मे रोजी केरळात उतरली. केरळच्या तयारीचे कौतुकच आहे. पण परतायचे तर तिकीट स्वखर्चाने, आणि सगळ्यांना परतायचेही नाही. २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातीच्या सेवांवर आमच्याकडूनच घेतलेल्या शुल्कातून उभा राहतो. अडचणीतील भारतीयांच्या तातडीच्या उपचारांची त्यात तरतूद आहे. नोकरी आणि विमा दोन्ही गमावलेल्यांच्या रोजच्या औषधांनाही ती लागू करावी आणि अर्ज कोणी, कसा करायचा हे वकिलातीने जाहीर करावे. महाराष्ट्रातील खासदारांनी परराष्ट्र मंत्रालयाकडे एवढा पाठपुरावा जरूर करावा.

– एक वाचक, बर दुबई