कॅनडातल्या विनिपेगचा हिवाळा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, रोज सकाळी मोबाइलवर विनिपेगचं तापमान बघून जीव टांगणीला लावून घेणं आता पुरे. काल उणे ३० होतं, आज उणे ३२ आहे, आणि मी दोन्ही दिवस ऑफिसला गेले. शाळा, बस, दुकानं सगळं चालू. इथली माणसं आपल्यापेक्षा काटक आहेत असं मुळीच नाही. थंडी सोसत बसायची नाही, तिची आधीच सोय लावून ठेवायची, एवढंच.

गाडीचंच बघा. पेट्रोलची गाडी, पण पुढच्या जाळीतून वायर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये खांबाला विजेचा प्लग. इंजिनात ब्लॉक हीटर असतो, तो कूलंट कोमट ठेवतो. नाहीतर ऑइल इतकं घट्ट होतं की सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. रात्रभर लावायची गरज नाही, निघण्याआधी तीनचार तास पुरतात, म्हणून मी टायमर बसवलाय. (वीजबिलाचे संस्कार तुमचेच!) डिक्कीत फावडं, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी आणि चॉकलेट कायम असतं. गावाबाहेर अडकलं तर मदत येईपर्यंत धीर धरायला.

आई, एकच जाडजूड स्वेटर घालून इथे भागत नाही गं. आत घाम धरून न ठेवणारा कपडा, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन अजिबात नको, घामाने ओली झाली की अंगाला गार चिकटून बसते. खरा वैरी वाराच. तो धरून उणे ४० भरलं की उघडी कातडी पाचदहा मिनिटांत गोठू शकते. म्हणून शहराच्या मध्यभागी इमारती बंदिस्त पुलांनी आणि भुयारांनी जोडल्यात. बँक, ग्रंथालय, जेवण, सगळं रस्त्यावर पाऊल न ठेवता उरकतं.

नदी नीट गोठली की लोक तिच्यावर स्केटिंग करतात, आणि वाटेत ऊब घ्यायला लहान झोपड्या असतात. त्यांच्या रचनेची स्पर्धाच होते. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांनीही २०१७ साली एक केली होती. म्हणून म्हणते, तुम्ही जूनमध्ये यायचं ठरवताय ते बदला आणि फेब्रुवारीत या. जूनमध्ये इथले डास सावंतवाडीच्या डासांनाही लाजवतात. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको, घरात हीटरमुळे २१ अंश असतं.

त्या हीटरने हवा मात्र कोरडी ठक्क होते. दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, आणि टाचांना भेगा पडल्यात. इथल्या क्रीमने काही होत नाही. आई, कोकमतेलाचे दोन गोळे तेवढे पाठव, पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात.

तुमची,
मनू