गोवराच्या लशीमागचे बालरोगतज्ज्ञ

संपादक महोदय,

गोवराच्या लसीकरणाच्या बातम्या आपल्या दैनिकात येत असतात; परंतु ही लस घडवण्यात मोठा वाटा असलेले डॉ. सॅम्युअल कॅट्झ मराठी वाचकांना फारसे परिचित नाहीत. बालरोगतज्ज्ञ असलेले कॅट्झ 1956 मध्ये बॉस्टन येथे विषाणुशास्त्रज्ञ जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि तेथे 1954 मध्ये एका शाळकरी मुलापासून वेगळा काढलेला विषाणू मानवी पेशींत व पुढे कोंबडीच्या भ्रूणपेशींत वारंवार वाढवून, तो आजार न जडवता प्रतिकारशक्ती निर्माण करील इतका दुबळा करण्याच्या कामी लागले. 1963 मध्ये परवाना मिळालेल्या त्या पहिल्या लशीमुळे अनेक मुलांना ताप येई, हेही नमूद केले पाहिजे. सौम्य लस नंतर आली. मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की अमेरिकेत किरकोळ समजला जाणारा गोवर नायजेरियात कुपोषित मुलांचे बळी घेत असल्याने कॅट्झ यांनी तेथे जाऊन लशीची चाचणी केली. लशीचे पेटंटही घेतले गेले नाही. पुण्यात तयार होणाऱ्या गोवर लशीतील एडमनस्टन-झाग्रेब हा वाण त्याच मूळ विषाणूचा वंशज आहे.

1968 पासून ड्यूक विद्यापीठात बालरोग विभाग सांभाळणारे कॅट्झ पुढे मुलांमधील एचआयव्हीच्या संशोधनाकडेही वळले. 31 ऑक्टोबर 2022 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरत होती. अशा संशोधकांवर आपण एखादे सदर सुरू करावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे